धारणीहून आलेलं पाकीट

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

अमरावतीच्या कार्यालयात मी बजेट सांभाळायचो. बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम पैसे देण्याचं. खरं सांगू? मार्च आला की आमचा जीव पैसे परत करण्यात अडकतो. निधी पडून राहिला तर वरून बोलणी बसतात. म्हणून जो खर्ची पडेलसं वाटत नाही, तो आधीच शासनाला परत करून मोकळं व्हायचं. मी जन्माचा भित्रा — सगळ्यांच्या आधी मोकळा व्हायचो. साहेब लोक त्याला शिस्त म्हणायचे.

त्या वर्षी धारणीकडच्या एका नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, व्हायचा होता. तिथल्या वानखडे इंजिनिअरनं प्रस्तावाचं पाकीट एका जीपवाल्याच्या हाती पाठवलं. मुदतीच्या आत आलं — थेट माझ्या हातात. आणि मी? रपट्याचा निधी आदल्याच दिवशी परत करून बसलो होतो. वर जाऊन 'चूक झाली' म्हणायचं, एवढंच होतं. पैसे कदाचित पुन्हा मिळालेही असते. पण पाय उचलले नाहीत. पाकीट बाजूला सारलं आणि एप्रिलात त्यावर आवकचा शिक्का मारला.

पावसाळ्यात त्या नाल्याच्या काठी एक बाळंतीण गेली. खाटेवर — पाणी ओसरायची वाट पाहत. चौकशी लागली. प्रस्ताव उशिरा आला, मी म्हणालो. वानखडेचं प्रमोशन गेलं. निलंबन टळावं म्हणून मी साहेबांकडे शब्द टाकला. दया आली म्हणून? नाही. त्यानं फार खोदू नये म्हणून.

आता मी रिटायर होऊन अकोल्यात राहतो. वानखडे दर दिवाळीला संत्री घेऊन येतो, पाया पडतो. "त्या जीपवाल्यानं घात केला माया, साहेब. तुमी होते म्हणून नोकरी वाचली." मी मान हलवतो. संत्री खातो.

काल त्याचा फोन आला. "जीपवाला सापडला, साहेब. उद्या तुमच्याकडंच आणून राहिलो त्याले. तुमच्यासमोरच विचारतो, काहून असं केलं म्हणून."

या, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घाटातून धूळ खात आलेल्या त्या जीपवाल्याला मी तेव्हा समोर बसवून चहा पाजला होता. तो मला विसरला नसेल. सकाळपासून फाटकाकडे पाहत बसलोय.

आतून बायकोनं विचारलं, "किती जणांचा चहा मांडू?"

तिघांचा, म्हणालो.