टाकलेल्या मातीतला दात

साखराबाईच्या निवडण्याला गावात नाव होतं. तिनं निवडलेल्या तुरीच्या डाळीत कधी दाताखाली खडा आला नाही, असं सासरे मरेपर्यंत सांगत. त्यामुळे नांदेडच्या कॉलेजातल्या सौदामिनी मॅडम बिलोलीजवळच्या त्या गावात मातीतले दात शोधायला बाया हव्यात म्हणून आल्या, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं.

मातीही तिच्याच वावरातली. विहीर खणताना दोन काळ्या पाषाणांच्या मधे मातीचे दोन थर लागले होते. वरचा पिवळा, खालचा हिरवट. मॅडम ती माती पाण्यात भिजवून बारीक जाळीतून धुवायला लावत आणि उरलेला रवा वाळवून ताटात देत. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात ओला कुंचला. दोन हिवाळ्यांत साखराबाईनं माशांचे खवले काढले, सुसरीचे दात काढले, डायनासोरच्या अंड्यांच्या कवचाचे कपचे काढले.

"मासे पुष्कळ झाले, साखराबाई," मॅडम म्हणत. "मला चिचुंदरीएवढ्या प्राण्याचा दात पाहिजे. पिलांना दूध पाजणारा प्राणी, डायनासोरच्या पायाखालून पळणारा."

अंड्यांचे कपचे फक्त हिरवट मातीत निघत. म्हणजे दात हिरवट मातीत सापडला तर तो प्राणी डायनासोरांचा शेजारी. पिवळ्या मातीत सापडला तर त्यांच्या मागून आलेला. एवढं साखराबाईला पाठ झालं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात धाकटी जाऊ चांगुणा कामावर आली. तिला पिवळ्या मातीचं पोतं दिलं, साखराबाईकडे हिरवट राहिलं. नवव्या दिवशी दुपारी चांगुणानं हाक मारली. कुंचल्याच्या टोकावर मोहरीएवढा दात होता, वर तीन टोकं. मॅडमनी भिंग लावलं आणि त्या मातीतच खाली बसल्या.

"चांगुणा, दोन वर्षं मी याची वाट बघतेय गं!"

ती दोन वर्षं साखराबाईची होती.

बातमी ऐकून चांगुणाचा नवरा भुजंग औत सोडून आला. "वैनी, बघितली का आमच्या हिची नजर? घारीची हाय, घारीची!"

"घारीला उंदीरच दिसनार की," साखराबाई म्हणाली.

सगळे हसले. चांगुणाही हसली, आणि टोमणा वाया गेला.

पण साखराबाईनं एक गोष्ट पाहिली होती. त्याच दुपारी पाणी पिऊन परत येताना तिला चांगुणा दिसली होती, साखराबाईनं निवडून टाकलेल्या ढिगातली माती ओंजळीनं स्वतःच्या ताटात घेताना. थोरलीचं निवडलेलं धाकटीनं पुन्हा निवडायचं नाही, हा त्या घरातला रिवाज. डाळ पुन्हा निवडली म्हणून मागे एका सुनेशी महिनाभर अबोला झाला होता. संध्याकाळी हिला चांगली धारेवर धरायची, असं साखराबाईनं ठरवलं होतं.

मॅडमनी चिठ्ठी काढली. "कुठल्या पोत्यातला?"

चांगुणानं मान वर केली नाही. "माझ्याच ताटातला, मॅडम."

"म्हणजे पिवळी माती." मॅडमचा आवाज जरा उतरला. "डायनासोरनंतरचा. असू दे, तरीही मोठी गोष्ट आहे."

साखराबाईला आधी बरं वाटलं. गप्प बसलं की धाकटीचा दात हलका होणार होता, आणि आपल्या हातून तो सुटला हेही कुणाला कळणार नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, चांगुणा खोटं बोलली ती थोरलीची लाज झाकायला. आता हिची दयाही घ्यायची? वर आपल्या पोत्यात दोन वर्षांनी एक चीज निघाली, तीही हिच्या पोत्याच्या नावानं जाणार. पेन चिठ्ठीवर टेकलं होतं.

"थांबा. त्यो दात माझ्या पोत्यातला हाय."

"आता दातावर बी हक्क, वैनी?" भुजंग म्हणाला.

"हिरवट मातीतला हाय. मी टाकलेल्या ढिगातनं काढला हिनं. विचारा तिला."

"हाव," चांगुणा हळूच म्हणाली. "अक्काच्या ढिगातला."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "हिरवट! म्हणजे शेजारीच की! पण साखराबाई, तुमच्या हातून सुटला?"

"सुटला."

"आणि चांगुणा, निवडून टाकलेलं तू परत का बघितलंस?"

चांगुणानं एकदा जावेकडे पाहिलं. "दिवाळीपासून अक्काला सुई ओवता येईना, मॅडम. मीच ओवून देऊन राहिले. म्हनून रोज जरा बघत होते."

रोज, हा शब्द साखराबाईच्या कानात राहिला. डोळे तपासून येईपर्यंत तुम्ही जाळीवर माती धुवा, दोन्ही पोती चांगुणा निवडेल, असं मॅडमनी जमेल तितक्या मऊपणानं सांगितलं. मग चिठ्ठी लिहून डबीवर चिकटवली. भुजंगानं ती मोठ्यानं वाचली, "थर हिरवट. पोतं साखराबाईचं. दात चांगुणानं शोधला."

चांगुणा जावेच्या शेजारी येऊन बसली. साखराबाई सरकली नाही, तिच्याकडे वळलीही नाही.

"भुजंगा," ती म्हणाली, "पोतं कुनाचं, ते परत वाच."