तुळजाचा पुदिना

रेणुकाबाईच्या मोरीच्या तोंडाशी दोन सुपांएवढ्या जागेत पुदिना माजला होता. तिची लेक तुळजा हिनं तो आळंदच्या मावशीकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. पुदिन्याचं बी कोणी पेरत नाही. जमिनीलगत पळणारी त्याची दोरी तोडून लावायची, म्हणजे दहा घरी गेला तरी झाड तेच. तुळजा मागेल त्या बाईला दोरी द्यायची आणि वर बजावायची, "शेंडे खुडत जावा, न्हाई तर नुसताच लांबतोय."

तीन वर्षांपूर्वी डेंगीच्या तापात ती पाच दिवसांत गेली. सतरा वर्षांची होती.

मी पंचायतीची मेंबर. पोर गेली तशी मी पेटलेच. गल्लीत पाणी साचू द्यायचं नाही म्हणून हात धुऊन मागे लागले आणि सिमेंटची बंद गटार करवून घेतली. प्रत्येक मोरी पाइपानं तिला जोडली. डास कमी झाले, मी मिरवलेही. पुदिना त्या मोरीच्याच ओलीवर जगतो, हे मला शहाणीला सुचलं नाही.

गटार झाल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रेणुकाबाई दारात आली. "सत्यभामाक्का, पुदिना वाळायलाय. तुमच्याकडं एखादी दोरी हाय का?"

नव्हती. गल्लीत कुणाकडेच नव्हती. सगळ्यांच्या मोऱ्या कोरड्या झाल्या होत्या.

तिच्याकडे एकच हिरवी दोरी उरली होती. ती तिनं तेलाच्या डब्यात लावून लिंबाच्या सावलीत ठेवली. रोज थोडं पाणी घातलं असतं तर तगली असती. पण घर धनगराचं, मेंढीच्या लेंडीवर देवाएवढा भरवसा. तिचा नवरा बिराप्पा पाटीभर ताजी लेंडी घेऊन आला आणि दोघांनी मिळून ती डब्यात गच्च भरली. रानात तीच लेंडी कुजून, मुरून सोनं होते. डब्यात ती तापली. बिराप्पा बोट घालून बघायचा, "आत गरम लागायलंय, जीव धरायलाय." आठवड्यात दोरी काळी पडली.

मला घास गोड लागेना. हुमनाबादच्या बाजारातून पुदिन्याची जुडी आणून मी काड्या पेल्यात पाणी घालून ठेवल्या. पांढरी मुळं फुटल्यावर तिच्याकडे नेल्या आणि तोंड वर करून खोटं बोलले, "माझ्या परसात सापडल्या. तुळजानं दिलेल्याच आहेत."

रेणुकाबाईनं एक पान चुरून हुंगलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. मग मुळं मोडून बाजूला टाकली आणि पानं पाट्यावर घेतली.

"लावायचा नाही का?"

"ह्यो लावून काय करू, अक्का?"

तिनं मिरची-मीठ घालून चटणी वाटली, भाकरीवर घालून माझ्या हातात दिली. स्वतः घेतली नाही. मी तिच्यासमोर बसून खाल्ली. चटणी चांगली झाली होती.