मातीखाली लपवलेले तीस खुंट

मला ओळखणारे हे वाचून आधी हसतील. विश्वामित्री नदीत मी पाहिलेली हातभर मगर घडियाळी पोळ या गल्लीतल्या मित्रांपर्यंत पोचेतो बैलगाडीएवढी होते, हा माझा लौकिक. आमचे खापरपणजोबा गायकवाडी फौजेत होते आणि त्यांनी नुसत्या खाकरण्याने वाघ पळवला, हेही मीच पसरवलेलं. तेव्हा हा अनुभव मी मुद्दाम हात आखडून लिहितो आहे.

दीड वर्षापूर्वी हिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समा भागातल्या आमच्या घरून ही दर सोमवारी नदीकाठच्या कोतरातल्या, म्हणजे घळीतल्या, महादेवाला चालत जायची. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. दोन घासांवर तिसरा घेत नसे. डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण जगायची इच्छा त्यांनीच धरायला हवी. मी देवघरात दिवा लावणं बंद केलं. एवढी वर्षं बेल वाहून हेच द्यायचं होतं, तर दिवा कशाला, असं मनात येई. एका सोमवारी मात्र तिने डावा हात उचलून खिडकीकडे, नदीच्या दिशेला केला. मी शब्द देऊन बसलो : शिवरात्रीला तुला महादेवाला नेतो.

पण ही अंग चोरून जायची ती पायवाट वेड्या बाभळीने गिळली होती, चाकाची खुर्ची जाणं शक्य नव्हतं. इकडे तिला गांडो बावळ म्हणतात. ती मूळची इथली नाही, पण आली की दुसरं काही उगवू देत नाही. निजामपुऱ्यातल्या दमयंतीबेन, निवृत्त शिक्षिका, दर रविवारी पंधरा-वीस जणांना घेऊन ही वाट मोकळी करत. मीही उन्हाळ्यात गेलो. त्यांची शिस्त एकच : झुडूप वरून तोडायचं नाही, वीतभर खणून मुळाचा गड्डा काढायचा. शेवटी चहाला बसलं की ज्याने त्याने आपला आकडा सांगायचा. तपासायला कोणी जात नसे.

मी एका सकाळी दहा गड्डे काढले. कंबर मोडली. उरलेली तीस झुडपं कोयत्याने जमिनीलगत छाटली, खुंटांवर माती लोटली, वर पाय दाबून सपाट केलं. चहाला म्हणालो, चाळीस. सगळे वाहवा करत होते आणि मी बशीतून चहा ओढत होतो.

पावसाळ्यात काम थांबलं. पुढे मंडळी वाटेच्या दुसऱ्या टोकाला लागली. शिवरात्रीच्या चार दिवस आधी, चाकाची खुर्ची जाईल ना हे बघायला मी गेलो, तर माझ्याच पट्ट्यात छातीएवढी काटेरी भिंत. एका खुंटाला आठ-आठ फुटवे. बाकीच्यांचा पट्टा अंगणासारखा स्वच्छ होता.

कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन एकटाच गेलो. अकरापर्यंत हात सोलले, वाट हातभर सरकली. मग मी खाली बसलो. प्रार्थना वगैरे केली नाही. एवढंच म्हणालो, "माझ्याने नाही होत. तुला तिला भेटायचं असेल तर तूच बघ."

तेवढ्यात म्हशी घेऊन एक म्हातारा भरवाड गुराखी आला. त्याने न विचारता माझ्याजवळ बसून एका खुंटाची माती हाताने उकरली आणि म्हणाला, "काका, तमे तो वाळ काप्या छे. माथुं तो जमीनमां छे." म्हणजे मी नुसते केस कापले होते, डोकं खालीच होतं. मग खांद्यावरच्या टिकावाने त्याने तो गड्डा उपटून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, एकट्याचं काम नाही, तुमच्या माणसांना बोलवा.

बोलवायचं तर खरं सांगावं लागणार. मी तिथूनच दमयंतीबेनना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं :

"किती?"

"तीस."

"खरे तीस ना, भाऊ?"

"खरे, बेन."

"मग उद्या सहाला. चहा तुमच्याकडून."

फोन ठेवला तर म्हातारा दिसेनासा झालेला. माझ्या गोष्टी ऐकणाऱ्यांना वाटेल, आता मी म्हणणार, त्याची पावलंही उमटली नव्हती. उमटली होती. म्हशींचं शेणही होतं, माझा पाय त्यात पडला. तो माणूसच होता. पण साठ वर्षांत बायको, गुरुजी, साहेब कोणालाही माझ्या तोंडून जो खरा आकडा काढता आला नाही, तो त्या सकाळी निघाला. एवढंच माझ्यापुरतं पुरे आहे.

पुढच्या दोन दिवसांत सतरा जणांनी ते तीस गड्डे काढले. मला कोणी एक शब्द टोमणा मारला नाही, आणि तेच जास्त लागलं.

शिवरात्रीला खुर्ची पिंडीपर्यंत गेली. डाव्या हाताने हिने बेल वाहिला. परतताना तिने वाटेकडेच्या नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तू केलंस, असं डोळ्यांत. जन्मभराची सवय जिभेवर आली होती. मी म्हणालो, "नाही गं. मी बिघडवलं होतं. लोकांनी केलं." तिचं तोंड वाकडं झालं. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

घरी उपासाचं रताळं भरवलं. तिसरा तुकडा तिने हात पुढे करून मागून घेतला. मी उठलो आणि देवघरात दिवा लावला. महादेवाने मला ताकद दिली नाही, ती नाही हे कबूल करायला लावलं. त्याचे उपकार फेडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दर रविवारी टिकाव घेऊन जातो, आणि चहाला जेवढे काढले तेवढेच सांगतो. परवा तीन होते.