मावशीचा शुक्रवारचा खोकला

माझी मावशी फुफ्फुसांची डॉक्टर आहे. त्यातही कामापायी जी फुफ्फुसं बिघडतात, त्यांची. दगड फोडणारे, लाकूड तासणारे, रंगाचे फवारे मारणारे, अशांच्या छात्या ती ऐकते. मी तिची भाची. मी तिला ऐकते आणि मग तिची नक्कल करते. आमच्यापैकी एकीच्याच ऐकण्याचा जगाला उपयोग आहे, असं आई म्हणते. कोणाच्या, ते तिला सांगावं लागत नाही.

मावशी आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. माणूस भेटला की नावाच्या आधी ती काम विचारते. मागे एकजण आमचा नळ दुरुस्त करायला आला.

"याआधी काय करायचात?"

"वेल्डिंग."

"त्याच्याआधी?"

"बेकरीत होतो."

"बेकरीत! पीठ कोण चाळायचं? खिडकी होती का? सुट्टीत बरं वाटायचं?"

बिचारा घाबरून जन्मभर कुठे कुठे राबला ते सगळं सांगून गेला. नळ गळतच राहिला.

'सुट्टीत बरं वाटतं का?' हा तिचा हुकमी प्रश्न. दुखणं कामाचं असेल तर कामापासून लांब गेलं की छाती मोकळी होते, परत गेलं की धरते. ती शिकाऊ डॉक्टरांना दटावते, "मशीन नंतर, हे आधी!"

तर या मावशीला बरेच दिवस खोकला होता. तिच्या मते त्याला कारणं तीन: वय, गॅलरीतली कबुतरं आणि माझ्या बाबांचं अत्तर. बाबांनी अत्तर सोडलं. कबुतरांनी मनावर घेतलं नाही.

मला खोकल्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याच्या आवाजाशी होतं. संध्याकाळी ती आमच्या दारावरून जिना चढायची. सोमवारी नुसते दोन सुके ठसके. बुधवारी त्यात बारीक शिट्टी मिसळायची. आणि शुक्रवारचा खोकला खालच्या पायरीवर सुरू झाला की वर तिचं कुलूप उघडेपर्यंत दम धरून असायचा. मी तो आरशासमोर घोटून घोटून बसवला. एवढी गणिताला बसले असते तर घरात गणित हा विषय निघाल्यावर मला पाणी प्यायला उठावं लागलं नसतं.

एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. ताटं उचलल्यावर मी कार्यक्रम जाहीर केला: डॉक्टर मावशी तपासतात पेशंट मावशीला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तिरकी. "हं, काम काय करता?" मग खुर्ची बदलून, "डॉक्टर आहे हो," आणि लगेच शुक्रवारचा अख्खा खोकला, शिट्टीसकट. बाबांनी टेबल बडवलं. परत पहिली खुर्ची. "सुट्टीत बरं वाटतं का?" इथे मला पुढचं काही सुचेना, म्हणून जे कानावर होतं तेच ठोकून दिलं, "रविवारी? छे हो, रविवारी एकदम ठणठणीत!"

आई डोळे पुसत होती. मावशीही हसत होती, मध्येच थांबली.

"परत कर."

वन्समोअर! मी घसा साफ केला.

"सोमवारचा कर." केला. "आता शुक्रवारचा." केला, वर पदरचे दोन ठसके घातले. "रविवारचा?"

"रविवारचा नसतोच गं."

"आणि आपण समुद्रावर गेलो होतो तेव्हा?"

"तेव्हा तू मला ओरडत होतीस. तेही एका दमात."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "गाढव आहे मी. डिग्रीवाली गाढव!" मला वाटलं, ही माझ्या कलेला दाद. मी मान लववून नम्र हसले. कोणी बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी बाहेरचे पेशंट संपल्यावर तिने मला दवाखान्यात बोलावलं. का, तर "तो आवाज तुलाच ओळखू येतो." श्वास मोजायची खोली तिने स्वतः उभी केलेली. एक मशीन, एक खुर्ची, घट्ट लावलेली खिडकी आणि कोपऱ्यात झाकण फुटलेला एक ट्रे. पेशंटच्या तोंडात द्यायच्या नळ्या त्यात जंतू मारायच्या औषधात बुडवून ठेवलेल्या. वास असा की माझं नाक चुरचुरलं. इथले तंत्रज्ञ म्हणजे फुंकमास्तर. ते पेशंटला फुंकायला लावतात ते असं, की कुस्तीच्या फडाला लाज वाटावी. आज खुर्चीत मावशी होती.

"घ्या घ्या घ्या... सोडा! जोरात! अजून, अजून, अजून! मॅडम, गाल फुगवू नका."

"मला शिकवताय?"

"तुम्हीच शिकवलंय. आणि अर्ध्यात सोडलंत. परत."

अर्धवट फुंकणाऱ्या पेशंटांना चोर म्हणणारी माझी मावशी स्वतःच फुंकायची चोरी करत होती! तिसऱ्यांदा तिने नीट फुंकलं. मग पंपाचं औषध ओढलं, थोडं थांबून परत फुंकलं. पडद्यावरची रेघ टुणकन वर गेली, म्हणजे छाती आवळलेली होती ती औषधाने सुटली. मावशीने आणि मास्तरांनी ती बघितली आणि दोघं ट्रेकडे बघायला लागले.

"हे ट्रेतलं औषध मीच हट्टाने आणवलं," मावशी म्हणाली. "एकाचे जंतू दुसऱ्याला नकोत म्हणून. खिडकी पण मीच बंद करवली. मशीनला गारठा सोसत नाही म्हणे. कारखानेवाल्यांना अशाच बंद खिडक्यांपायी मी काय काय बोलले असेन!" ती हसली, खोकली, आणि मग हळूच म्हणाली, "मास्तर, वर कळवायला नको एवढ्यात. साहेब मला या खोलीतून उठवतील आणि फायली तपासायला बसवतील. मी मरेन हो तिथे."

"नाही कळवत," फुंकमास्तर म्हणाले आणि तोंड वळवून खोकले. दोन सुके ठसके.

मला राहवलं नाही. "सोमवारचा!" मी ओरडले. पाठ केलेला धडा कोणी दुसऱ्याने म्हणावा, तसा आनंद झाला मला. दोघांचे चेहरे बघून तो माझ्या घशातच राहिला.

मावशीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मास्तर, कधीपासून?"

"काही नाही हो, जरा घसा..."

"घरी असता तेव्हा?"

ते खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिले.

"बसा खुर्चीत."

"मॅडम, तुम्ही जाणार फायलींत, मी कुठे जाऊ? मला हेच येतं."

"आधी फुंका. मग भांडू."

त्यांना फुंकायला तिने लावलं. 'अजून अजून' तिला पुरं म्हणता येईना, दम लागत होता. निम्मं मी ओरडले. त्यांचीही रेघ खालीच लोळत राहिली. मावशी उठली, खिडकी उघडली, तोंडाला पदर लावून ट्रे गच्चीत नेऊन ठेवला. खोलीला कुलूप घातलं. फुंकमास्तरांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली मुठीत धरली.

"आज नाही. ही आता साहेबांच्या टेबलावर. औषध बदलेपर्यंत तुम्ही आत जायचं नाही आणि मीही नाही. तुमच्या कामाचं मी बोलते."

"आणि तुमच्या?"

"चला हो," म्हणत ती साहेबांच्या मजल्याकडे निघाली. जिन्यात दोनदा थांबली. मागून मास्तर चढत होते, तेही थांबले.