घडीबाईंचे अक्षर

घडीबाई. एकूण आयुष्य त्रेसष्ट वर्षांचे: पहिली सोळा आईवडिलांच्या घरी, पुढची तीस एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात, नंतरची चार वर्षे दवाखान्यांच्या बाकांवर आणि शेवटची तेरा भत्त्यावर. त्यांचे खरे नाव तीनच ठिकाणी लिहिलेले होते, ओळखपत्रावर, घरभाड्याच्या करारावर आणि भत्ता कार्यालयातल्या फायलीवर. आणि या तिसऱ्या ठिकाणाची त्यांना जेवढी धास्ती होती तेवढी उभ्या जन्मात दुसऱ्या कशाचीही नव्हती.

घडीबाई हे नाव पडले ते चादरींमुळे. वाफेच्या रुळाखालून निघालेली गरम चादर त्यांच्या हातात दोन झटक्यांत चौपदरी होई आणि चारी कोपरे असे जुळत, की बरोबरच्या बायका म्हणत, "हिच्या घडीवरून पट्टी आखून घ्यावी." तीस वर्षांच्या त्या झटक्यांनी उजवा खांदा कामातून गेला, मनगट सुजले आणि शेवटी हातात धरलेली वस्तू चार-पाच मिनिटांत आपोआप सुटू लागली. डॉक्टरांनी 'कामास असमर्थ' असे लिहून दिले. भत्ता सुरू झाला. दोन खोल्यांचे भाडे, औषधे आणि भावाच्या मागे राहिलेल्या पुतणीचे परिचारिकेचे शिक्षण हे सगळे त्या एका भत्त्यावर उभे होते.

तेव्हापासून त्यांना एक विचित्र भीती जडली, ती म्हणजे बरे दिसण्याची. बाजारातून येताना पिशवी डाव्या हातात आहे ना, हे त्या कोपऱ्यावर थांबून पाहत. खिडकीत उभे राहून पायपुसणे झटकत नसत. एखाद्या दिवशी खांदा कमी दुखला की त्या घराबाहेर पडत नसत, कारण नेमके त्याच दिवशी कोणीतरी पाहील, आणि पाहिलेले कुठेतरी लिहिले जाईल, असे त्यांना वाटे.

भत्ताधारकांच्या संघटनेत त्या गेल्या त्या पुतणीच्या आग्रहामुळे. एका बंद पडलेल्या ग्रंथालयाच्या तळघरात दर पंधरवड्याला चाळीस-पन्नास माणसे जमत, एकमेकांचे अर्ज भरून देत आणि जे काही ठरवायचे ते मत घेऊन ठरवत. घडीबाईंचे अक्षर पाहून सभेने त्यांच्याकडे इतिवृत्त सोपवले. त्यांनी लगोलग एक नियम सुचवला: सभा कधी सुरू झाली, कधी संपली आणि इतिवृत्त कोणी लिहिले, हे शेवटी नोंदवलेच पाहिजे, आणि एकदा वाचून मंजूर झालेल्या इतिवृत्तात काना-मात्राही बदलायचा नाही. नियम एकमताने मंजूर झाला.

पुढे भत्ता कार्यालयाने आपल्या सल्लागार समितीत संघटनेला एक जागा देऊ केली. दर महिन्याला दोन तासांची बैठक. त्या जागेसाठी सभेत घडीबाईंचे नाव पुढे आले, तेव्हा त्या मागे सरल्या.

"मी तिथं नीट बोलले तर म्हणतील, बाई ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि नीट नाही बोलले तर तुम्ही म्हणाल, हिला कशाला निवडलं?"

"बाई, पुढे सरका, मागं गर्दी झालीय," मागच्या रांगेतून कंडक्टर ओरडला. हा एके काळचा बसचा कंडक्टर. मधुमेहाने डाव्या पायाची बोटे नेली होती, पण आवाज मात्र जागच्या जागी होता. सभा हसली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि घडीबाई निवडून आल्या.

तिथे त्या नीटच बोलल्या, आणि समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. तीन वर्षांत त्यांनी समितीकडून जे मिळवले त्यात सर्वांत मोलाचे हे: सुनावणीशिवाय कोणाचाही भत्ता बंद करायचा नाही, आणि सुनावणीला प्रत्येकाला एक सोबती आणता येईल. सोबत्याने बोलायचे नाही. जे डोळ्यांना दिसेल ते फक्त लिहायचे. ही गोष्ट कार्यालयाने ज्या कागदावर मान्य केली, तो कागद म्हणजे घडीबाईंनी लिहिलेले इतिवृत्त.

त्याच कागदाची प्रत एका सकाळी तपकिरी पाकिटातून परत आली. सोबत चार ओळी होत्या: 'आपण दरमहा दोन तास समितीत बसता व इतिवृत्त स्वहस्ते लिहिता, असे कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. असमर्थतेच्या फेरतपासणीसाठी उपस्थित राहावे.' खाली तारीख होती, सोळा दिवसांनंतरची.

घडीबाईंनी पत्र वाचले, त्याची घडी केली, पुन्हा उघडून वाचले. मग दाराची कडी लावली. दिवसाउजेडी कडी का लावली, हे त्यांनाही सांगता आले नसते.

सभेत हा विषय निघाला तेव्हा माणसांनी आवाज खाली आणले. आज घडीबाईंवर आलेले उद्या आपल्यावर येणार, हे प्रत्येकाला कळले होते. दोघे तर त्याच दिवसापासून सभेला यायचे थांबले. कोणीतरी सुचवले, "इतिवृत्त पुतणी लिहिते असं सांगू. सगळे हात वर करू. ठराव करून टाकू."

काही हात वरही गेले. घडीबाईंना वाटले, गप्प बसावे. फक्त गप्प बसायचे होते, बाकीचे काम ते हात करणार होते. मग त्यांची नजर समोरच्या प्रतीवर गेली. लिहिणाऱ्याचे नाव खोटे ठरले, तर सुनावणीचा आणि सोबत्याचा ठरावही खोट्या कागदावरचा ठरला असता.

"खाली घ्या हात," त्या म्हणाल्या. "मत घेऊन माझं अक्षर बदलत नाही."

घरी मात्र त्यांचे धैर्य टिकले नाही. फेरतपासणीत लिहून दाखवायला सांगतात, हे त्यांना ठाऊक होते. पुतणी एके दिवशी दुपारी लवकर परतली, तर आत्या ओट्यापाशी कागद घेऊन बसलेली.

"काय करतेस गं आत्या?"

"वाकडं लिहायला शिकतेय."

पुतणीने कागद पाहिला. ओळी तिरक्या काढल्या होत्या, पण त्या सगळ्या सारख्याच तिरक्या होत्या, आणि दोन ओळींमधले अंतर कुठेही हललेले नव्हते.

"हे तर छापल्यासारखं आलंय," ती म्हणाली. तिला हसू आले. मग आत्याचा चेहरा पाहून ते गिळावे लागले.

"तुझं शेवटचं वर्ष आहे," घडीबाई म्हणाल्या. "माझ्या अक्षरापायी ते बुडालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आत्या, हात बघू." पुतणीने पाणी गरम केले आणि त्यांचे मनगट त्यात धरून ठेवले. पाणी कोमट झाले तरी दोघींपैकी कोणीच हात काढला नाही.

फेरतपासणीला सोबती म्हणून कंडक्टर आला. खोली लहान, खिडकीला जाळी, टेबलावर काचेखाली दाबलेली वेळापत्रके. तपासणी अधिकारी तरुण आणि सभ्य होता, आणि त्या सभ्यपणाचीच घडीबाईंना जास्त भीती वाटली. त्याने कोरा कागद पुढे सरकवला.

"दहा ओळी लिहा. काहीही लिहा."

वाकडे लिहायचे, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. पण पेन कागदावर टेकले आणि पहिली ओळ सरळ आली, दुसरीही तशीच. कोपऱ्याला कोपरा जुळवण्याची तीस वर्षांची सवय त्यांचे ऐकेना. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोटे सैल पडली आणि पेन घरंगळत टेबलाच्या कडेला गेले. त्या थांबल्या. मनगट मांडीवर दाबून धरले. पुन्हा पेन उचलले, चार शब्द झाले, पुन्हा सुटले. खोलीत घड्याळाचा आणि कंडक्टरच्या पेन्सिलीचा आवाज तेवढा होता. अधिकारी मधेच दुसरी फायल वाचू लागला.

अखेर कागद त्याच्या हाती गेला. तो कौतुकाने म्हणाला, "अक्षर तर उत्तम आहे तुमचं."

संपले, असेच घडीबाईंना वाटले.

कंडक्टरने तोंड उघडले, मिटले आणि आपली वही फिरवून अधिकाऱ्यापुढे ठेवली. बसच्या थांब्यांची नोंद करावी तशी वेळ मांडलेली होती: अकरा दहाला सुरुवात. अकरा चौदाला पेन पडले. अकरा एकवीसला उचलले. अकरा तेवीसला पडले. असे पानभर. शेवटची ओळ: अकरा सत्तावन्नला पूर्ण.

"दहा ओळींना सत्तेचाळीस मिनिटं?" अधिकाऱ्याने विचारले. कंडक्टर छताकडे पाहत राहिला. "अहो, तुम्हाला विचारतोय."

"त्यांना बोलता येत नाही, साहेब," घडीबाई म्हणाल्या. "तसा नियम आहे. आपल्याच समितीनं केलाय."

अधिकाऱ्याने वही पुन्हा वाचली. "मग तीन पानांचं इतिवृत्त किती वेळात होतं?"

"अकरा दिवसांत."

"हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. सभा किती वेळ चालली ते लिहायचा नियम मीच केला. लिहायला किती दिवस लागले तेही लिहावं, हे काही मला सुचलं नाही."

अधिकाऱ्याने कंडक्टरचे पान फायलीला जोडून घेतले. निकाल तीन आठवड्यांनी आला: भत्ता दोन वर्षे चालू, त्यानंतर पुन्हा तपासणी. तपासणीच्या दिवशी खोलीतून उठताना घडीबाईंनी एक गोष्ट मात्र मागितली होती. समितीत बसणे हा कोणाच्याही विरुद्ध पुरावा धरणार नाही, एवढे लेखी द्यावे.

"तोंडी सांगतो, धरणार नाही."

"लेखी द्या."

"वर विचारावं लागेल," अधिकारी म्हणाला.

लेखी येईना, म्हणून घडीबाईंनी सभेपुढे शेवटचा नियम ठेवला. समितीत दर महिन्याला नवे माणूस जाईल, कोणीही लागोपाठ दोनदा जाणार नाही. आणि इतिवृत्ताचा एकेक परिच्छेद एकेकाने लिहायचा, म्हणजे कोणाच्याच फायलीत भरण्याइतके काही जमणार नाही. नियम भीतीतून जन्मला होता आणि तो मंजूर करताना प्रत्येकाला ते माहीत होते. पुढच्या वर्षीच्या अहवालात कार्यालयाने याच फिरत्या प्रतिनिधित्वाला 'लोकसहभागाचा आदर्श नमुना' म्हटले. कंडक्टरने ते वाक्य तळघरात बसच्या थांब्यांसारखे मोठ्याने वाचून दाखवले. घडीबाई पोट धरून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी दाराकडे वळून पाहिले, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

पुतणी परिचारिका झाली. ते शेवटचे वर्ष भत्त्यावरच पार पडले. दुसऱ्या तपासणीची तारीख उजाडली तेव्हा घडीबाई हयात नव्हत्या. फायल बंद केल्याचे पत्र त्याच तपकिरी पाकिटातून आले, आणि पुतणीने चारी कोपरे जुळवून त्याची घडी केली.

लेखी हमी अजून आलेली नाही. संघटनेच्या प्रत्येक इतिवृत्तात पहिला विषय तोच असतो: 'समितीत बसणे पुरावा न धरण्याची लेखी हमी. प्रलंबित.' दर वेळी हस्ताक्षर वेगळे असते, आणि खाली लिहिलेले असते, लिहायला किती दिवस लागले.