आबांना चांगलं म्हटलं तेव्हा

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणसाचं तोंडभर कौतुक होतं ते तो गेल्यावर. जिवंतपणी सगळा कारभार शिव्यांवर. नव्वदच्या दशकात मी दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "पेपर सोपं काढल्यात जणू." मला भयंकर राग आला होता. त्यांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला मी जन्मभर तडफडले. शिक्षिका झाले तेही त्याच आशेनं.

पुढे नोकरीत आम्हा शिक्षकांना सकारात्मक मानसशास्त्राच्या प्रशिक्षणाला बसवलं. पुण्याहून आलेल्या बाईंनी गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाच्या डोळ्यांत बघून त्याचे आभार माना, माणूस खुलतो, घर आनंदी होतं. बाई कोल्हापूरला पहिल्यांदाच आल्या होत्या.

घरी आबा जेवत होते. मी समोर बसले. "आबा, तुमच्यामुळं मी शिकले. तुम्ही लई चांगले आहात."

आबांचा घास हातातच राहिला. नुकताच खोकल्यासाठी त्यांच्या छातीचा फोटो काढला होता आणि रिपोर्ट मीच आणला होता. त्यात काही नव्हतं, तसं मी सांगितलंही होतं. पण आता त्यांनी ताट सरकवलं आणि आईला म्हणाले, "बोलवून घे समद्यांस्नी."

दुसऱ्या दिवशी हुपरीहून आत्या आली, मुरगूडहून काका आले. आत्यानं उंबऱ्यातच गळा काढला, "माझा दादा म्हंजे देवमाणूस!" बांधाच्या भांडणापायी आबांशी अबोला धरलेले काकाही म्हणाले, "दिलदार माणूस वो!" एकेका चांगल्या शब्दासरशी आबा पांढरे पडत होते. मी रिपोर्ट नाचवत होते, पण ऐकतो कोण? तालमीतली पोरं दारात येऊन हळूच विचारून गेली, "ताई, मसणवट्यात जायला टेंपो सांगून ठिवू काय?"

माझं डोकं फिरलं. "आबा, सोंग बास करा! बिड्या ओढून खोकताय आन् घरभर पावणं गोळा केल्यात! उठा, दळण आणा जावा!"

आबांच्या तोंडावर रंग आला. "व्हय की," ते म्हणाले, "म्हंजे मला कायबी झाल्यालं न्हाय." उठले, आत्याच्या पुढ्यातला चहा पिऊन टाकला आणि डबा घेऊन गिरणीला गेले. प्रशिक्षणात मी सांगितलं, वडील फार भावुक झाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

काही वर्षांनी आबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी माझा हात धरला. "तू लई गुणाची पोर हाईस," ते म्हणाले.

जन्मभर ज्याची वाट बघितली ते आलं ते असं, ऑपरेशनच्या दारात. "गप बसा, कायबी बोलू नका!" मी वसकन ओरडले. ते आत गेले. मी बाहेर बाकावर बसून देवाला विनवत होते, तेवढा शब्द माघारी घ्यायला लाव.

दुपारी आबा शुद्धीवर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही काय केसं केलीस? अशीच जातीस व्हय साळंत?"

मी तिथंच ढसाढसा रडले. आनंदानं.