स्टोअरची चावी

मी इंजिनिअर, बांधकामाची साइट आवाजावर चालवायचो. उस्मानपुऱ्यातून निघून करमाडला पोहोचेपर्यंत नऊ वाजायचे आणि गाडीतून उतरताच माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. माणसं धाकात ठेवली की काम आपोआप होतं, असं मी नव्या इंजिनिअरांना छातीठोकपणे सांगायचो.

मग कंपनीनं नव्या प्रोजेक्ट मॅनेजर बाई पाठवल्या. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा फळा लावला. आठवड्यात काय पुरं करणार, ते प्रत्येक मिस्त्रीनं सोमवारी स्वतः सांगायचं. शनिवारी झालं की नाही ते बघायचं आणि नसेल झालं तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. ओरडायचं नाही. कोण चुकलं ते सोडा, काय आडवं आलं ते विचारा, असं बाई म्हणायच्या. मला ही सगळी थेरं वाटली.

सेंट्रिंगचे मिस्त्री शहागंजचे, साठीला टेकलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. स्लॅब ओतण्याआधी प्लेटांचा साचा बांधावा तो त्यांनीच. सिमेंटचं पाणी थेंबभर गळायचं नाही. पण फळ्यावर ते सलग तीन शनिवार नापास झाले. कारण विचारलं की एकच उत्तर, "देर हुई." चौथ्या शनिवारी त्यांची टोळी काढायची, असं मी ठरवलं. दुसऱ्या मिस्त्रीला शब्द देऊनही बसलो आणि मग बाईंकडे मंजुरीला गेलो.

"काढा की," त्या म्हणाल्या, "पण त्याआधी एक दिवस त्यांची टोळी येते तेव्हा या. बोलू नका, नुसतं बघा."

शुक्रवारी साडेसातलाच मी साइटवर हजर. टोळी आली आणि स्टोअरच्या बंद दारासमोर बसली. जॅक, पाने, खिळे, सगळं आत. पावणेआठ झाले, आठ झाले. न बोलणं माझ्या स्वभावातच नाही.

"चाचा, बसलात काय? काम कोण करणार?"

"चावी तुमच्यापाशी हाय ना, साहेब."

खरंच होती. सामान चोरीला जातं म्हणून महिन्यापूर्वी मीच ती स्टोअरकीपरकडून काढून घेतली होती. रोज दीड तास ही माणसं माझी वाट बघत होती आणि मी नऊला येऊन त्यांनाच आळशी म्हणत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला भयंकर लाज वाटली.

"मग सांगितलं का नाही?"

"कवा इचारलं तुम्ही? लई गरम असता. आन् सगळ्यांम्होरं फळ्यावर साहेबाचं नाव कसं लिवायचं?"

शनिवारी सगळ्यांदेखत मी त्यांचं "देर हुई" पुसलं आणि तिथं लिहिलं, "चावी इंजिनिअरकडे." कोणी हसलं नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "सोमवारपासून कोणाकडे राहील?" स्टोअरकीपरकडे, मी म्हणालो. चावीचं बाईंना आधीच ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे. तरी त्यांनी चारचौघांत माझी शोभा केली नाही, मलाच बघायला लावलं. या बाईंना मी मानतो ते यासाठी.

दुसऱ्या मिस्त्रीला फोनवर नाही म्हणालो आणि स्लॅबकडे गेलो. कोपऱ्यात रिकाम्या प्लेटा घासून, तेल लावून रचून ठेवल्या होत्या. त्या दिवशी त्या प्लेटांचं काहीच काम नव्हतं.

"ह्या कशाला काढल्या, चाचा?"

"काल ऐकलं व्हतं, आज आमची छुट्टी करणार म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं, नवी टोळी येईल. त्यांना तरी देर व्हायला नको."